नळीचं तोंड आणि पॉइंट टू टूचा नेम

रायफलचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने झाडलेल्या राऊंडांची कागदावरची छिद्रं, अचानक पसरायला लागले की संशय आधी काडतुसांवर जातो, मग साइटवर, मग स्टॉकच्या स्क्रूंवर आणि सगळं तपासून झालं की स्वतःच्या श्वासावर. नळीचं तोंड रोज समोरच असतं, म्हणूनच बहुधा ते कुणी नीट पाहत नाही. उलटंही घडतं. रेंजवर एखादा जाणता माणूस जाता जाता "क्राऊन गेलाय" म्हणतो आणि धडधाकट नळी विनाकारण लेथवर चढते. या दोन्ही चुका टाळायच्या तर त्या टोकाशी नेमकं काय घडतं, ते क्रमाने समजून घ्यायला हवं. आपण कधी रायफल हातात धरली नसेल तरी हरकत नाही. एनसीसीत दोन-चार राऊंड झाडले असतील तर उत्तमच.

आधी काडतूस पाहू. ज्याला सगळे पॉइंट टू टू म्हणतात ते .२२ लाँग रायफल काडतूस १८८७ पासून वापरात आहे. ते रिमफायर आहे. त्याच्या पितळी कवचाच्या बुडाला बाहेर आलेली जी कड असते ती रिम. पेटवणारा मसाला त्या कडेच्या पोकळीत भरलेला असतो आणि रायफलची पिन कडेवरच आदळते. गोळी असते ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची. मऊ शिशाची, वरून मेणासारख्या वंगणाचा हात दिलेली. स्पर्धेच्या काडतुसांची गोळी सेकंदाला साधारण ३२५ मीटर वेगाने बाहेर पडते. हा वेग ध्वनीच्या वेगापेक्षा मुद्दाम थोडा कमी ठेवतात, कारण ध्वनीचा वेग ओलांडून पुन्हा त्याच्या खाली येताना गोळी अस्थिर होते.

आता नळी. तिच्या आतल्या भिंतीवर पीळ देत गेलेल्या खाचा असतात आणि दोन खाचांमध्ये उंच राहिलेले कंगोरे. या रचनेला रायफलिंग म्हणतात. कंगोरे शिशात रुततात आणि गोळीला फिरवतात. पॉइंट टू टूच्या नळीत हा पीळ बहुधा १६ इंचांत, म्हणजे सुमारे ४०६ मिलिमीटरमध्ये, एक फेरा पूर्ण करतो. वरच्या वेगाला हिशेब केला तर तोंडाशी गोळी सेकंदाला ८०० फेरे घेत असते. ही फिरकीच तिला पुढे सरळ ठेवते.

नळी जिथे संपते तिथे तिच्या तोंडाला जो आकार दिलेला असतो तो क्राऊन. काही तोंडं सपाट असतात, काही गोलसर, काही ११ अंशांनी आत उतरती. काहींत मधला भाग खोलगट असतो, म्हणजे रायफल कुठे आपटली तरी मार बाहेरच्या ओठावर बसतो आणि आतली कड वाचते. ११ अंशांचं कौतुक आपण खूप ऐकाल. त्या आकड्यात जादू नाही. महत्त्वाचं आहे ते एकच वर्तुळ, जिथे रायफलिंग संपतं आणि मोकळी हवा सुरू होते. ते वर्तुळ नळीच्या आतल्या अक्षाशी काटकोनात हवं, सगळीकडून सारखं हवं आणि त्यावर बर, म्हणजे धातूची उचललेली कूस, नको. बाकीचा आकार संरक्षणासाठी आणि थोडा शोभेसाठी.

चाप ओढल्यावर काय होतं? दारू पेटते आणि वायूचा दाब गोळीला पुढे ढकलतो. इतक्या कमी दारूची बहुतेक ताकद नळीच्या पहिल्या टप्प्यातच खर्ची पडते. गोळी तोंडाशी येईपर्यंत मागचा दाब बराच उतरलेला असतो, पण संपलेला नसतो. गोळीचं नाक बाहेर येतं, मग तिचा जाड भाग कंगोऱ्यांतून सुटतो आणि शेवटी बूड. बूड सुटलं की मागचा वायू सगळ्या बाजूंनी बाहेर फुटतो. तो गोळीपेक्षा वेगवान असल्याने काही क्षण तिला मागे टाकून पुढे जातो. म्हणजे तेवढा वेळ गोळी स्वतःच्याच वायूच्या झोतातून उलट्या दिशेने उडत असते, झोत बुडाकडून नाकाकडे.

कड सारखी असेल तर वायू चहूबाजूंनी एकदम सुटतो आणि बुडावरचे धक्के एकमेकांना पुसून टाकतात. कडेला एका जागी खाच असेल तर तिथून तो आधी निसटतो. गोळीची एक बाजू मोकळी झालेली असते आणि दुसरी अजून कंगोऱ्यात अडकलेली. चालत्या एसटीतून उतरताना एक पाय रस्त्यावर आणि दुसरा पायरीवर राहिला की माणसाचं जे होतं तेच गोळीचं होतं. ती किंचित कलते, बुडाला बाजूचा रेटा बसतो आणि ती डगमगत पुढे जाते.

यात बुडाचं महत्त्व किती, हे शंभर वर्षांपूर्वीच कळलेलं आहे. अमेरिकेतले डॉ. फ्रँकलिन मान यांनी गोळ्यांची नाकं आणि बुडं मुद्दाम बिघडवून वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १९०९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. नाक चेपलेली गोळी बऱ्यापैकी जागेवर जाते, बूड बिघडलेली भलतीकडे, असं त्यांना दिसलं. नेमबाज मात्र काडतुसं निवडताना अजूनही नाकावरचे ओरखडेच पाहत बसतात. पॉइंट टू टूच्या गोळीचं बूड तर मूळचंच नाजूक. कवचात बसावं म्हणून ते बाकीच्या अंगापेक्षा बारीक केलेलं असतं, शिसं मऊ असतं आणि दाबाखाली ते थोडं फुगतं. क्राऊनचा शेवटचा स्पर्श होतो तो या भागाला.

नेम चुकायला बाजूचा हा रेटा किती लागतो, ते आकड्यात पाहू. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यावर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं आणि छिद्राने त्याची कड शिवली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे ५.६ मिलिमीटर जाडीच्या गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरपर्यंत चालतो. ५० मीटर जायला गोळीला सेकंदाचा सुमारे सहावा भाग लागतो. तेवढ्या वेळात ८ मिलिमीटर सरकायला सेकंदाला ५ सेंटिमीटर इतका बाजूचा वेग पुरतो. पुढचा वेग ३२५ मीटर, बाजूचा ५ सेंटिमीटर, आणि दहाचा नऊ झाला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनमध्ये ६०० पैकी ५९७ गुण केले. २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिम्पिकचं कांस्य मिळवलं तेही ५० मीटरवर, थ्री पोझिशन प्रकारात. या पातळीवर दशांश गुणांचा हिशेब असतो. घराजवळच्या क्लबात २५ यार्डांवर सराव करणाऱ्याला हाच दोष कदाचित जाणवणारही नाही, आणि तो नाही जाणवला तर बिघडलंही काही नाही.

इथे एक शंका रास्त आहे. खाच जर दर वेळी त्याच जागी असेल तर गोळी दर वेळी त्याच बाजूला जाईल, मग साइट फिरवून प्रश्न का सुटू नये? अंशतः सुटतोही. क्राऊनच्या दोषाचा एक भाग ग्रुप सरकवतो, पसरवत नाही. पण तोंडाशी दाब दर राऊंडला थोडा वेगळा असतो. प्रत्येक गोळीचं बूड वेगळं फुगतं. खाचेत मेण आणि शिसं साचतं, मध्येच निखळतं, पुन्हा साचतं. त्यामुळे रेट्याची दिशा साधारण तीच राहिली तरी जोर बदलतो आणि ग्रुप त्या दिशेला ताणला जातो. कधी एखादा राऊंड उगाच बाहेर जातो आणि आपण स्वतःला दोष देत बसतो.

क्राऊन बिघडतो कशाने? गोळ्यांनी फारसा नाही. मऊ शिसं आणि मेण पोलादाची कड सहजी झिजवत नाहीत. ती झिजवतात आपली साफसफाईची साधनं. एनसीसीत पुल थ्रू वापरलेल्यांना हे चटकन कळेल. दोरीच्या एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला तेलाची चिंदी. वजन मागून नळीत सोडायचं आणि दोरी तोंडाकडून ओढायची. ओढताना दोरी तिरपी झाली की ती कडेवर घासते. दोरीत धूळ-वाळू मुरलेली असते, मग ती करवतीचं काम करते. जुन्या ली-एनफिल्ड रायफलींच्या तोंडाशी अशा दोरीने पडलेल्या घळी जाणकार लगेच ओळखतात. एनसीसीतली बोल्टची जुनी नंबर दोन मार्क चार रायफल त्याच घराण्यातली. दोरी नळीच्या रेषेत सरळ ओढा, हे उस्तादांचं ओरडणं उगाच नव्हतं.

दुसरं कारण तोंडाकडून घातलेली सफाईची सळई. बोल्ट रायफलचा बोल्ट काढला की सळई मागून घालता येते. पण रूगर १०/२२ किंवा मार्लिन ६० यांसारख्या अर्धस्वयंचलित रायफलींत मागचा रस्ता बंद असतो, म्हणून लोक पुढून घालतात आणि दर फेऱ्याला सळई कडेवर टेकते. पुढूनच घालायची वेळ आली तर तोंडावर बसणारा मार्गदर्शक बुश लावावा. मागून घालत असाल तरी ब्राँझचा ब्रश तोंडाबाहेर आल्यावर तसाच मागे ओढू नये. बाहेरच काढून घ्यावा.

उरलेली कारणं साधी. रायफल तोंडावर उभी करणं, गाडीच्या दाराला आपटणं आणि आपल्याकडचा पावसाळा. नव्याने कापलेल्या तोंडावर ब्लूइंगचा, म्हणजे गंज रोखणारा निळसर-काळा, थर नसतो. उघडं पोलाद वरळीच्या किंवा कोकणच्या जून-जुलैच्या हवेत फार लवकर गंज धरतं. स्टेनलेसची नळी जास्त तग धरते, पण तीही बेफिकीर राहण्याइतकी नव्हे.

आता तपासणी. बोल्ट पूर्ण बाहेर काढा, मॅगझिन काढा, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. हे झाल्याशिवाय तोंडाकडून डोकावायचं नाही, रायफल रिकामी आहे याची कितीही खात्री असली तरी. मग तोंड मऊ कापडाने आणि थोड्या सॉल्व्हंटने पुसून घ्या. काळसर मेण आणि शिशाचं कडं निघून येईल. पुष्कळदा क्राऊनचा "बिघाड" एवढाच असतो.

पुसल्यावर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि उजेड बाजूने पाडा. आतल्या कडेवर उजेडाची बारीक रेघ अखंड वर्तुळात दिसायला हवी. ती तुटत असेल, एखाद्या कंगोऱ्याचं टोक गोल झालेलं असेल किंवा बाहेर मुडपलेलं असेल तर ती जागा लक्षात ठेवा. मग कानात घालायची कापसाची काडी आतून बाहेर कडेवरून अलगद फिरवा. नवा धारदार क्राऊन कापसाचे तंतू सगळीकडेच थोडे धरतो. त्याने घाबरायचं कारण नाही. एकाच जागी बोळा अडकत असेल तर ती खूण आहे.

तिसरी खूण काजळीची. तोंड पुसून दहा-वीस राऊंड मारले की सपाट भागावर खाचांच्या समोर करड्या पाकळ्यांसारखे डाग उमटतात. ते साधारण सारखे हवेत. एकच पाकळी लांब दिसली तर पुसून पुन्हा मारा. दुसऱ्यांदाही तीच लांब आली तरच ती मोजायची.

दिसणाऱ्या खुणेवर विसंबून नळी कापायला देऊ नये. आधी कागदावर पुरावा हवा. रायफल टेकूवर ठेवून, वारा पडलेला असताना, ५० मीटरवर एकाच लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या, काडतुसांचे दहा-दहा राऊंडांचे चार-पाच ग्रुप घ्यावेत. तीन राऊंडांच्या ग्रुपवरून निकाल लावण्याची सवय फार पसरली आहे. तीन छिद्रं नशिबानेही एकत्र पडतात. आणखी एक गफलत नेहमीची आहे. नळी चकचकीत साफ करून लगेच ग्रुप मोजले जातात. रिमफायर नळीत मेणाचा पातळ थर बसेपर्यंत नेम स्थिर होत नाही, म्हणून सफाईनंतरचे सुरुवातीचे राऊंड हिशेबात धरू नयेत. काडतुसांचा ब्रँड बदलला की वंगणही बदलतं, तेव्हाही तेच.

मग दुसऱ्या लॉटची काडतुसं घेऊन तेच करावं. एकाच नावाच्या काडतुसांच्या दोन लॉटांत पडणारा फरक क्राऊनच्या किरकोळ दोषापेक्षा पुष्कळदा मोठा असतो. लापुआसारखी कंपनी जर्मनीत शोनेबेक इथे नेमबाजांच्या रायफलींवर लॉट तपासून देते, ती हौस म्हणून नाही. साइटचे आणि स्टॉकचे स्क्रू घट्ट आहेत ना, तेही याच वेळी पाहून घ्यावं. एकेकाळी चांगला चाललेला लॉट आता पसरतोय, दुसराही पसरतोय आणि भिंगाखाली कडेवर खोट दिसतेय, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच मी क्राऊन नव्याने कापायच्या बाजूचा आहे.

कापायचा कुणाकडून, हा प्रश्न भारतात कायद्याचाही आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती हा परवानाधारकाचा व्यवसाय आहे आणि कलम ६ नळी आखूड करण्याला वेगळा परवाना मागतं. क्राऊन कापताना नळीची लांबी थोडी का होईना कमी होतेच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात शतांश मिलिमीटरचं काम डोळे मिटून करणारे लेथवाले आहेत, पण त्यांच्याकडे नळी नेणं आपल्याला आणि त्यांनाही अडचणीत आणेल. परवानाधारक गनस्मिथच गाठावा. पुढचे टप्पे आपण स्वतः करावेत म्हणून नव्हे, तर त्याच्याशी बोलताना काय विचारायचं ते कळावं म्हणून सांगतो.

पहिला टप्पा सेंटर काढण्याचा, आणि काम बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. नळीचं आतलं भोक बाहेरच्या गोलाईच्या अगदी मध्यावर क्वचितच असतं. लांब भोक पाडताना ड्रिल थोडं भरकटतंच. चकमध्ये नळी बाहेरून पकडून थेट कट घेतला तर तोंड बाहेरच्या गोलाईशी काटकोनात येईल, भोकाशी नाही. अर्धा अंश जरी फरक राहिला तरी ५.६ मिलिमीटर व्यासावर एक बाजू दुसरीपेक्षा ०.०५ मिलिमीटर पुढे राहते. म्हणून डायल इंडिकेटरची सुई आत कंगोऱ्यांवर टेकवून किंवा भोकात नेमकी बसणारी पिन घालून नळी जुळवायला हवी. डायल कुठे लावणार, हा प्रश्न गनस्मिथला जरूर विचारावा. "बाहेरून" असं उत्तर आलं तर रायफल घरी आणावी.

दुसरा टप्पा नळी बंद करण्याचा. तोंडापासून थोडं आत कापडाचा बोळा बसवतात, म्हणजे कापलेला चुरा आत जात नाही. काम झाल्यावर तो बोळा मागून ढकलून तोंडाकडून बाहेर काढायचा. उलटा ओढला तर सगळा चुरा चेंबरपर्यंतचा प्रवास करून येतो.

मग कट. टूल धारदार, त्याची उंची बरोबर सेंटरला आणि कट हलके. टूल आतून बाहेर सरकवलं तर बर बाहेरच्या बाजूला जाते आणि रायफलिंगच्या तोंडावर कूस कमी राहते. किती कापायचं? खोट जाईपर्यंत, त्याहून जास्त नाही. स्पर्धेच्या अनेक नळ्यांचा शेवटचा भाग मुद्दाम किंचित घट्ट ठेवलेला असतो. त्याला चोक म्हणतात. गोळी सुटायच्या आधी तो तिला घट्ट धरतो. उत्साहाच्या भरात दोन-तीन सेंटिमीटर कापले तर क्राऊन नवा मिळतो आणि चोक जातो. तोंडाजवळची नळी बाहेरून तासून बारीक करण्याचा मोहही टाळावा. बटण ओढून रायफलिंग केलेल्या नळीत ताण साठलेला असतो. बाहेरचं पोलाद काढलं की आतलं भोक सैल होतं, आणि तेही नेमकं तोंडाशी.

शेवटी बर काढणं. गोल डोक्याच्या पितळी स्क्रूला बारीक लॅपिंग पेस्ट लावून तो ड्रिलमध्ये धरून हळू फिरवत कडेवरून हलका हात देतात. डोकं गोल असल्याने ते आपोआप मध्य शोधतं. ही युक्ती जुनी आणि चांगली आहे, पण ती फक्त शेवटच्या हातासाठी. कललेलं तोंड तिने सरळ होत नाही. ड्रिल एकाच कोनात धरून ठेवलं तर नवा दोष तयार होतो आणि जास्त घासलं तर धार गोल होते. मार्गदर्शक दांडा असलेल्या हातकटरचंही तसंच. दांडा भोकात सैल बसत असेल तर कटर थरथरतो आणि कडेवर लाटा उठतात.

रायफल परत आली की आधी भिंग आणि कापसाची काडी. नंतर नळी साफ करून थोडे राऊंड मुरवायला घालवा आणि मग पूर्वीच्याच लॉटचे, पूर्वीइतकेच ग्रुप घ्या. त्यासाठी त्या लॉटचा एखादा डबा आधीच बाजूला ठेवलेला बरा. आघाताची जागा बहुधा सरकलेली असेल, म्हणून झिरो, म्हणजे साइटची जुळवणी, पुन्हा बसवावा लागेल. ग्रुप लहान झाला नसेल तर दोष दुसरीकडे होता. क्राऊन पुन्हा कापून तो सापडणार नाही.

५० मीटरच्या रायफलीवर पुढे पोकळ नळकांडं चढवलेलं असेल, पुढची साइट लांब नेण्यासाठी लावतात ते, तर क्राऊन त्याच्या आत लपलेला असतो आणि महिनोन्महिने कुणी पाहत नाही. आत काजळी आणि मेण साचतं, त्यात ओल धरते. पावसाळ्यात दर सरावानंतर ते उतरवून तोंड पुसावं, तेलाचं बोट फिरवावं आणि पुढच्या सरावाआधी ते तेल कोरड्या चिंदीने काढून टाकावं.